ताटातला बर्फ

शेवंताने ताटातला बर्फ पटकन अळवाच्या वाफ्यात ओतला. रात्री परसात ताटात ठेवलेलं पाणी गोठलं, तर नवी रोपं लावायची नाहीत, ही महाबळेश्वरातल्या त्या घराची रीत. आणि ताट बघायचं काम थोरल्या सुनेचं, म्हणजे शेवंताचं.

"थंडी सरली. लाव तुझी पार्सली," तिने धाकट्या जावेला सांगितलं. हॉटेलवाले ही कोथिंबिरीसारखी विलायती भाजी दरवर्षी धाकटीकडूनच न्यायचे, ते तिला खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती ताट उचलायला आली, तर धाकटीची कोवळी रोपं हिमाने करपलेली. शेवंताचा जुना वाफा मात्र ओला, हिरवागार.

"उन्हाआधी हिम धुवायचं म्हणून तुमच्या वाफ्यापासून पाणी मारत आले, ताई," रिकामी झारी ठेवत धाकटी म्हणाली. "माझ्याकडे वळले, तोवर ऊन आलं."

शेवंताने हातातलं बर्फाचं ताट पदराखाली झाकलं.