उरलेली शेळी

निवृत्तीच्या दिवशी लिंडक्विस्टबाई मिनियापोलिसच्या शाळेतला फळा सावकाश पुसत होत्या. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. याच फळ्यापाशी एकदा उबाह उभी होती, सोमालियाहून नुकतीच आलेली. गणितात सोळा शेळ्या तीन भावांत वाटायच्या होत्या. "पाच-पाच. उरलेली पाहुण्याची," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. पोरीला प्रश्नच कळला नाही असं वाटून बाईंनी फळ्यावर शेळ्या काढल्या, पुन्हा समजावलं. उबाह वैतागली. "कळलं हो बाई! पण आलेल्या पाहुण्याला काय उपाशी पाठवायचं?" बाई पोट धरून हसल्या. "बरं, पण परीक्षेत पाहुणा लिहू नकोस. नुसतं 'बाकी एक' लिही." तीच उबाह आज दारात होती, चाळिशी ओलांडलेली, हातात मटणभाताचं ताट. "भावंडांत वाटून एवढं उरलं." "म्हणजे बाकी एक," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज परीक्षा नाही, बाई. बसा जेवायला."