पणजोबांची आरामखुर्ची

वैजयंतीनं कसल्या हौसेनं खोली सजवली! पणजोबांची सागवानी आरामखुर्ची, शेजारी आत्याच्या लग्नातलं आरशाचं टेबल आणि वर आजचा झगमग निऑन दिवा. जिवाभावाच्या ऋतिकाला तिनं सगळ्यांच्या आधी बोलावलं, तर ती पोट धरून हसली.

"अगं, खोली हाय का जुना बाजार? एकाचा दुसऱ्याला मेळ न्हाय! दे, दादाच्या टेम्पोतनं भंगारात टाकून येते की."

वैजयंती एवढीशी झाली. खुर्ची, टेबल, दोन्ही देऊन बसली.

पुढच्या महिन्यात ऋतिकाच्या वाढदिवसाला वैजयंती तिच्या नव्यानं सजवलेल्या खोलीत शिरली आणि ओळखीच्या खुर्चीवर टेकणार, तोच ऋतिका सगळ्या मैत्रिणींसमोर ओरडली,



"ए, तिच्यावर नको गं बसू, अँटिक हाय ती!"