मिसळीमागची गोष्ट

कावळा काही शिवेना.

गोदाकाठच्या दगडावर केळीच्या पानात भात, वडा आणि मिसळ वाढलेली. समोर उज्वला हात जोडून उभी, मोकळ्या कपाळानं, अश्विननं आणून दिलेल्या पांढऱ्या साडीत. नवऱ्याचं वर्षश्राद्ध करत होती. भोवती मोबाइल उगारलेली गर्दी. आणि त्या गर्दीत, तोंडाला रुमाल बांधून, धडधाकट उभा असलेला तिचा नवरा, सावळीराम.

हा सगळा अश्विनचा उद्योग. छोट्या दुकानदारांना धंदा वाढवायचे सल्ले देत हिंडणारा माणूस. सायखेड्याहून येऊन या नवराबायकोनं ओझरच्या रस्त्याला मिसळीचं दुकान टाकलं. रस्सा सावळीरामच्या हातचा, एक नंबर. पण चिटपाखरू फिरकेल तर शपथ. कुलूप लावायची वेळ आली तेव्हा अश्विन म्हणाला, लोक मिसळीला येत नाहीत, मिसळीमागच्या गोष्टीला येतात. तुमची गोष्ट काय? या दोघांकडे गोष्ट कुठली असणार? मग त्यानंच दिली. नवरा गेला, बाई खचली नाही, पदर खोचून कढईपुढे उभी राहिली.

कुंकू पुसताना उज्वला ढसाढसा रडली. सावळीरामनंच तिची समजूत घातली. अगं, दुकानापुरतं तर मरायचं, घरी हाय की मी जित्ता. स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसलाही, शहाणा.

या गोष्टीचा अश्विननं काढलेला व्हिडिओ असा पळाला की रांग पार रस्त्यावर गेली. सावळीराम भिंतीआड रस्सा करायचा. कुणी डोकावलंच तर तो आचारी, आणि वर मुका. पुढे अश्विन म्हणाला, कॅमेऱ्यात वहिनींचाच हात दिसायला हवा. सावळीरामनं तिला वाटणापासून तर्रीपर्यंत सगळं जीव लावून शिकवलं. बाई हुशार. तिचा रस्सा त्याच्याहून सरस व्हायला लागला आणि त्याचं भिंतीआडचंही काम गेलं. घरी आल्यावर मंगळसूत्र घालायला ती आधी अधूनमधून विसरायची. मग विसरणंही संपलं, ते डब्यातच राहिलं.

आता कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते. एकही खाली येत नव्हता. आणि सावळीरामला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं. अख्ख्या नाशकाला फसवता येईल, पण कावळ्याला कोण फसवणार? जित्या माणसाचं पान तो शिवेलच कसा? येऊ नको रे बाबा, तो मनातल्या मनात विनवत होता. तू तरी येऊ नको.

लोक चुळबुळायला लागले. गुरुजींनी उज्वलेला सांगितलं की यजमानांचा जीव कशात तरी अडकलाय, त्यांना शब्द द्यावा लागेल. अश्विननं लगबगीनं मोबाइल तिच्या तोंडाशी नेला. तिनं तो हातानं बाजूला सारला. मान वर केली आणि गर्दीतल्या त्या रुमालाकडे सरळ पाहिलं. किती दिवसांनी तिनं त्याच्याकडे असं पाहिलं होतं.

"जा आता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "तुमच्यावाचून माझं काही अडत नाय."

वरून एक कावळा उतरला. पानातला घास त्यानं चोचीत धरला.

सगळ्यांनी हात जोडले. सावळीरामनंही जोडले.