पोटभर

चार दिवसांत सात मेंढ्या गेल्या, त्याही कळपातल्या चांगल्या धष्टपुष्ट. डॉक्टरांनी सातवीचं पोट फाडून पाहिलं. आत दाण्याचा नुसता लगदा होता.

“रोगबिग काही नाही. दाणा बेसुमार झालाय. खायला कोण घालतं?”

“ही घालायची,” मालक म्हणाला. “ती गेल्यापासून मी मेंढ्यांच्या वाड्यात पाऊलच टाकलेलं नाही.”

डॉक्टर हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर शेजारच्या पाच घरांतून आलेले पाच डबे होते. एकही उघडलेला नव्हता. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, “दाणाही याच पाच घरचा का?”

“असेल. भली माणसं आहेत. जो तो म्हणत असेल, याला कसलं भान, मुकी जनावरं उपाशी मरायची.”

“मग त्यांना सांगायला हवं.”

“नको. जन्मभर मनाला लावून घेतील.” इतका वेळ पायरीवर बसलेला मालक उठला. “साथीचा रोग आहे म्हणून सांगा, म्हणजे कोणी इकडे फिरकणार नाही. मेंढ्यांना मी घालतो.”