भरल्यावर कोणता बरा?

“ह्यातला कोणता घ्याल?” चष्मेवाल्याने टीव्हीकडे हात करून विचारलं.

पडद्यावरच्या गॅरेजात तीन ट्रक उभे होते. सोफ्याच्या टोकावर बसलेला पाहुणा सिमेंटच्या मिक्सरचा ट्रक चालवायचा आणि चष्मेवाल्याच्या मुलीला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच. बाप अजून हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. सुट्टीच्या दुपारी घरी बोलावून त्याने पाहुण्याच्या हातात सरळ टीव्हीवरच्या खेळाचा रिमोट ठेवला होता. मुलगी आत आईपाशी उभी होती, जीव सगळा बाहेरच्या खोलीत.

“पिवळा पळतो चांगला, पण वळणावर आडवा होतो. लाल सहाचाकी दांडगा, पण डिझेल असं पितो की विचारू नका. हिरवा आठचाकी म्हणजे गोगलगाय, पण चिखलात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो माझा, तो सोडून बोला.” चष्मेवाला रंगात आला होता. जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नसल्यामुळे ट्रकविषयी त्याची मतं फार पक्की होती.

“हे झालं रिकाम्याचं,” ड्रायव्हर म्हणाला. “भरल्यावर कोणता बरा?”

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. इतका चांगला प्रश्न ह्या खोलीत त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. “भरल्यावर लाल,” तो खुशीत म्हणाला.

ड्रायव्हरने लाल घेतला, लाकडं लादली आणि नदीकाठच्या चिखलापाशी येऊन थांबला. थांबलाच.

“काय झालं?”

“खाली उतरून बघायचं होतं. आम्ही आधी काठी खुपसून बघतो, किती खोल आहे ते.”

“इथे उतरता येत नाही.”

“मग तुम्ही सांगा. तुमचा रोजचा रस्ता.”

“डावीकडून घ्या,” चष्मेवाला ठामपणे म्हणाला.

डावीकडून घेतलेला ट्रक जेमतेम चार हात गेला आणि दारापर्यंत रुतला. चष्मेवाल्याचा चेहरा पडला. काल तिथे कोरडं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. ड्रायव्हर मात्र हसत होता. रुतणं त्याला नवीन नव्हतं, कपडे न मळता रुतण्याची ही पहिलीच वेळ.

“ते खालचं बटण दाबा. ट्रक थेट गॅरेजात परत.”

“आणि लाकडं?”

“ती जातात. खेळच आहे हो.”

“मग नको. माल टाकून कसा येऊ? थांबतो मी. येईल कोणीतरी ओढायला.”

भाचे, पुतणे, शेजारी, आजवर जो जो रुतला त्याने ते बटण डोळे मिटून दाबलं होतं. चष्मेवाल्याला हा माणूस आवडला, अगदी मनापासून आवडला. त्याने दुसरा रिमोट उचलला आणि हिरवा ट्रक बाहेर काढला. दुसऱ्या कोणासाठी तो त्याने आजवर चिखलात घातला नव्हता.

“अरे, चाकं सरळ धर,” तो ओरडला. “दोर लावलाय मी. आता दे रेस!”

दोघांनी रेस दिली. पडद्यावर चिखल उडाला. दोघं सोफ्यावरून अर्धे उठले आणि दातओठ खात एकमेकांना सूचना देऊ लागले. लाल ट्रक वीतभर हलला, आणि हिरवा बोनेटपर्यंत खाली गेला.

चहा घेऊन आलेली आई दोघांकडे बघत उभी राहिली. मग तिने नवऱ्याला हळूच विचारलं, “काय ठरलं मग?”

“ठरायचं काय त्यात?” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “दोघंही रुतलोय. पोरीला हाक मार. तिला म्हणावं, तो पिवळा ट्रक घेऊन ये. आता आम्हां दोघांना तूच ओढायचंस.”