उलटी सही

"बोल, कुणाचं काम हे?" खानाचा अधिकारी तोगान याने चांदीचं नाणं बेहरोजपुढे आपटलं.

बेहरोज बुखाऱ्याच्या टाकसाळीतला चांदीचा पारखी. त्याने नाण्याच्या कडेला किंचित कानस लावली. आत तांबं निघालं.

"खोटं आहे, हुजूर."

"ते तर माझा घोडाही सांगेल! कोरलंय कुणी?"

तोगानची नजर ठसे कोरणाऱ्या सिपेहरवर होती. सिपेहरचा उजवा हात ओंडक्याला बांधलेला होता. शेजारी कुऱ्हाड. गेल्या थंडीत खानाच्या सैनिकांनी त्याच्या मुलीला छावणीत नेलं, तेव्हापासून तो फारसा बोलतच नसे. आताही खाली मान घालून बसला होता.

बेहरोजने नाणं उजेडात धरलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"हुजूर, यावर अक्षरं उलटी उमटलीत. ठशावर उलटं कोरलं, तरच नाण्यावर सुलट येतं. हा कुणीतरी अडाणी. ठशावर सुलटच कोरून बसला."

"यानेच मुद्दाम कोरलं असेल."

"याने?" बेहरोजला हसू आलं. "तीस वर्षं उलटं कोरून याचा हातच तसा वळलाय. हजेरीच्या वहीत सहीसुद्धा उलटी करतो. कारकून पान उजेडासमोर धरून मागून वाचतात. सुलट लिहायला सांगा, घाम फुटेल बिचाऱ्याला!"

कोपऱ्यातला कारकून मान डोलावत खुदकन हसला.

"जामीन राहशील?" तोगानने विचारलं. "खोटं ठरलं तर याच्याबरोबर तुझाही हात जाईल."

बेहरोजने आपल्या बोटांकडे पाहिलं. घर याच बोटांवर चालत होतं.

"नको रे," सिपेहर पुटपुटला. "तुझी पोरं लहान आहेत."

"गप बस! एका ताटात नान खाल्लाय आपण."

बेहरोजने जामिनाच्या कागदावर सही ठोकली. मग आरोपीच्या सहीसाठी शिपायांनी सिपेहरची दोरी सोडली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने बोरू घेतला आणि मित्राच्या नावाखाली घाईघाईने आपलं नाव लिहिलं.

कारकुनाने सवयीने कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने कागद खाली घेतला आणि समोरूनच वाचलं, "सिपेहर, ठसे कोरणारा."