कथलाचे मासे

"आणखी एक घासा," लेक म्हणाली.

आजोबांनी विसावं वजन कागदावर घासलं. रेघ उमटली नाही.

शिसं असतं तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटली असती. ही परीक्षा त्यांनीच लेकीला शिकवली होती. आज तिने त्यांनाच परीक्षेला बसवलं होतं.

लेकीची पाच वर्षांची भिंगरी दिवसभर आजोबांकडे असे. तीन महिन्यांपूर्वी नातीच्या रक्तात शिसं सापडलं. आजोबांनी त्याच दिवशी मागच्या खोलीतलं सगळं शिसं भंगारात दिलं. भिंती धुतल्या, साचे बदलले. गळाला लावायची वजनं आणि मोठ्या माशांना फसवायचे खोटे मासे ते आता कथलाचे ओतत. ओतलेला माल दाताखाली दाबून बघायची चाळीस वर्षांची सवयही सोडली. कथलाची कांडी वाकवली की कुरकुरते. "माझ्यावर गेलीय," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

आणि आजच्या तपासणीत आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता.

"बाबा, खरं सांगा. कुठे तरी ठेवलंय तुम्ही."

"नाही गं. तुझ्या आईची..."

"आईला मध्ये आणू नका. ती असती तर तुम्हालाच साच्यासकट बाहेर काढलं असतं."

एरवी आजोबा हसले असते. आता त्यांनी पुढचं वजन उचललं. लेकीच्या रागाची त्यांना भीती नव्हती. विष याच घरात होतं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

शेवटचं वजन घासून झालं. कागद कोराच.

"मग येतंय कुठून?" लेकीचा आवाज फाटला. "उद्यापासून ती पाळणाघरात जाईल. इथे नको."

पलंगाखाली खेळणारी भिंगरी सरपटत बाहेर आली. कागदाकडे बघून तिने नाक मुरडलं.

"एवढ्या वेळात एक रेघ नाही आली तुम्हाला? थांबा, मी देते काढून."

फ्रॉकच्या खिशातून तिने बोटाएवढा मासा काढला आणि कागदावर ओढला. जाड, राखाडी रेघ उमटली.

आजोबांनी तो लगेच ओळखला. त्यांनी आयुष्यात ओतलेला पहिला मासा. भंगाराच्या पोत्यात सगळ्यात शेवटी टाकलेला.

"तुम्ही रडत होता ना तेव्हा," भिंगरी म्हणाली, "म्हणून मी परत काढून ठेवला. तुमच्यासाठी."

आजोबांनी मासा खिडकीच्या उजेडात धरला. शेपटीवर त्यांच्या दाताचा जुना, खोल व्रण होता. आणि त्याच्या शेजारून थेट डोक्यापर्यंत, दुधाच्या दातांच्या बारीक, ताज्या खुणा.